धनी ओगासे यांचं बेवारस डोकं

ओगासेचा धनी मोरिकागे गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दोन्ही मुलगे घरी आले, आणि दोघांनीही फाटकाशी थांबून आधी आपापल्या शिरस्त्राणावरची खूण सोडली. थोरल्या मोरितानेनं आपली पिवळी पट्टी उजव्या खिळ्याला अडकवली, धाकट्या कागेनागानं पांढरी डाव्या खिळ्याला. हे दोन खिळे खुद्द मोरिकागेनं ठोकून घेतले होते, देशाला एकाच्या जागी दोन सम्राट मिळाले त्या वर्षी. पिवळी दक्षिणेच्या दरबाराची, पांढरी उत्तरेच्या. घरात लढाई नको, एवढाच त्याचा नियम होता. फाटकाबाहेर कोणत्या भावानं कोणत्या भावाचं काय उतरवावं, याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं.

मिने शेगडीपाशी बसून खारवलेला मुळा चिरत होती. नवरा मेल्यावर धन्याच्या बायकोनं मुळा चिरत बसावं हे शोभत नाही, असं थोरल्या सुनेनं, तेरूनं, सकाळपासून दोनदा सुचवून पाहिलं होतं. दोन्ही वेळा मिनेनं तिच्या हातात अर्धा मुळा दिला होता.

"आलात? बसा," ती मुलांना म्हणाली. "शेजारी शेजारी नका बसू. मध्ये काका बसतील."

काका म्हणजे रेनआमी, मोरिकागेचा धाकटा भाऊ. काळा झगा घालून अमिदा बुद्धाचं नाम घेणारा भिक्षू होऊन त्याला बारा वर्षं झाली होती. हे भिक्षू दोन्ही सैन्यांबरोबर चालतात, मरणाऱ्याच्या कानात दहा वेळा नाम म्हणतात, मेलेल्याची माती करतात आणि घरी निरोप पोचवतात. त्यांना कोणत्याच छावणीत कोणी अडवत नाही. मोरिकागेला या गोष्टीचा फार हेवा वाटे. दोन्हीकडे जेवण, आणि डोकं धडावर. तो म्हणायचा, आमच्या घराण्यात खरा मुत्सद्दी धाकटाच.

"मागोरोकु," मिने म्हणाली, "आता दोघंही आहेत. सांग पुन्हा."

म्हातारा घोडेवाला उंबऱ्याच्या बाहेर बसला होता. त्याच्या मांडीवर धन्याचं शिरस्त्राण होतं. ते खाली कुठे ठेवायचं हे त्याला तीन दिवसांत कोणी सांगितलं नव्हतं.

"माझा दोष नाही, बाईसाहेब. नदीशी धुकं होतं. पलीकडून माणसं आली. मी म्हटलं, धनी, कोण आहेत ते आधी दिसू दे. धनी म्हणाले, दिसतंय, पांढऱ्या पट्टीवाले आहेत, आणि पुष्कळ आहेत. म्हणाले, शिरस्त्राण घे, पिवळी सोड, पांढरी बांध. मी सोडायला गेलो तर गाठ बसलेली. थंडीनं बोटं चालेनात. धनी म्हणाले, दात लाव. मी दात लावले. तेवढ्यात..."

"तेवढ्यात काय?" मोरिताने म्हणाला.

"तेवढ्यात गाठ सुटली, छोटे धनी. मी वर पाहिलं, तर धन्यांचं डोकं नव्हतं."

मिनेची सुरी थांबली नाही.

एकोणीस वर्षांत मोरिकागेनं सहा वेळा बाजू बदलली होती, आणि प्रत्येक वेळी मनापासून. आधी तो दक्षिणेच्या सम्राटासाठी मरायला निघाला आणि वाटेत उत्तरेच्या सम्राटासाठी जगायचं त्यानं ठरवलं. मग हिवाळा कडक पडला तेव्हा त्याला दक्षिणेचं पटलं, आणि पीक चांगलं आलं तेव्हा पुन्हा उत्तरेचं. उत्तरेनं त्याला डाव्या अश्वशाळेचा अधिकारी केलं, दक्षिणेनं उजव्या. दोन्ही अश्वशाळा त्यानं कधी पाहिल्या नाहीत. त्याचं घोड्याशी जे काही बोलणं व्हायचं ते मागोरोकुमार्फत. पुढे तळ्यात-मळ्यात एकट्यानं खेळून तो दमला, तेव्हा त्यानं दोन्ही पोरांना दोन काठांवर उभं केलं. स्वतःच्या नावाचेही दोन तुकडे करून वाटले: 'मोरि' थोरल्याला, 'कागे' धाकट्याला. कोणीही जिंकलं तरी जमीन ओगासेंकडेच राहणार, असा हा हिशोब. त्यात एकच खोट होती. पोरं मोठी झाली आणि दोघांनाही आपापली बाजू खरी वाटू लागली. गेल्या शिशिरात धाकट्यानं पूल जाळला, तेव्हा त्या पुलावर थोरला होता. तेव्हापासून ते एकमेकांशी आईमार्फत बोलत.

"धड परसात बर्फात ठेवलंय," मिने म्हणाली. "भावोजी, आता डोक्याचं सांगा."

रेनआमीनं गुडघ्यावरचा चहाचा वाडगा फिरवला. "डोकं उत्तरेच्या छावणीत आहे, वहिनी. परवा पाहणी झाली. धुऊन, विंचरून ओळीनं मांडली होती सगळी. ओळखणारे ओळखतात, कारकून लाकडाच्या चिठ्ठीवर नाव लिहून केसांना बांधतो. नाव मोठं असेल तर डोक्याला पाट. नाव नसेल तर रास."

"आणि यांचं?"

"राशीत."

"एवढ्या छावणीत यांना ओळखणारं कोणी नव्हतं?"

रेनआमीनं वाडगा उलट्या बाजूनं फिरवला. मग सगळ्यांनीच, काही न ठरवता, कागेनागाकडे पाहिलं.

कागेनागाला सेनापतीनं स्वतः बोलावलं होतं. 'तू याच खोऱ्यातला ना रे? बघ, तुमच्याकडचं काही आहे का.' त्यात काही संशय नव्हता. मंडईत भाजी निवडताना गावच्या माणसाला विचारावं, तसं विचारलं होतं. एकविसावं डोकं बापाचं होतं. डावा डोळा अर्धा उघडा होता. कोण जिंकेल याचा अंदाज घेताना बाबा असाच एक डोळा बारीक करायचे. त्या क्षणी कागेनागाला दुःख झालं नाही, राग आला. वाटलं, याही वेळी निर्णय माझ्यावर टाकलात. हे माझे वडील म्हणावं, तर ओगासेचा धनी दक्षिणेच्या बाजूनं मेला, म्हणजे बंडखोर. बंडखोराची जमीन जप्त, आणि त्याचा मुलगा सेनापतीच्या तंबूत कशाला? नाही म्हणावं, तर...

"मी नाही म्हणालो," तो म्हणाला. "म्हटलं, ओळखीचं नाही."

"नीट पाहिलंस?" मिनेनं विचारलं.

"पाहिलं."

"केस कोणी विंचरले होते?"

"छावणीतल्या बायांनी. भांग उजवीकडे पाडला होता."

"हं," मिने म्हणाली. "ते डावीकडे पाडायचे."

मोरितानेला हसू फुटलं. ते चांगलं हसू नव्हतं. "आई, याला सांग, बापाची ओळख नाकारणारा मुलगा आमच्या बाजूला अजून जन्मला नाही."

"दादाला सांग," कागेनागा म्हणाला, "तुमच्या बाजूला बाप बाजू बदलताना मेला."

"बाबा शत्रूशी लढताना गेले. माझ्याकडे कागद आहे."

आणि त्यानं बाहीतून कागद काढला. हा कागद काय असतो ते दोन्हीकडच्या घरांना पाठ होतं. कोण कुठे लढला, कुठे जखम झाली, कोण मेला, कोणी पाहिलं, हे सगळं लिहायचं, सेनापतीची खूण घ्यायची आणि बक्षिसाची वाट पाहायची. एकोणीस वर्षांत एकाही ओगासेला त्यावर काही मिळालं नव्हतं. पण अर्ज लिहिण्यात घराण्याचा हात खोऱ्यात कोणी धरू शकत नव्हतं.

"वाच," तेरू नवऱ्याला म्हणाली. कागद तिच्याच अक्षरात होता, आणि बक्षीस म्हणून कुरितानी गाव तिच्या सासरला मिळेल असा शब्द तिच्या वडिलांनी दक्षिणेच्या सेनापतीकडून घेतलेला होता.

"'ओगासे मोरिकागे,'" मोरिताने वाचू लागला, "'यांनी पहाटे नदीकाठी शत्रूच्या दाट गर्दीत एकट्यानं घोडा घातला...'"

"घोडा मी धरला होता," उंबऱ्याबाहेरून मागोरोकु म्हणाला.

"'...आणि सात जणांना लोळवून स्वामिकार्यी देह ठेवला. साक्षीदार: रेनआमी भिक्षू, सेवक मागोरोकु.' काका, तुमची खूण इथे. मागोरोकु, तुझा अंगठा खाली."

"सात?" रेनआमी म्हणाला. "माझ्या दादाला सात जण एका वेळी कधी भेटलेच नाहीत, निमंत्रण असल्याशिवाय."

"पाच करू."

"दादाला विचार, आई," कागेनागा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "हा कागद दक्षिणेच्या छावणीत गेला की उत्तरेकडे कळायला किती दिवस लागतील? पंधरा? त्यांचे हेर आहेत, यांचे आहेत, निम्मे तर तेच आहेत. ओगासे जप्त होईल. आणि मी सेनापतीसमोर खोटं बोललो, हेही कळेल. त्याच राशीत माझं डोकं जाईल."

"तुझं मी ओळखीन," मोरिताने सरळ त्याच्याकडे बघून म्हणाला. पूल जळाल्यापासून त्यानं भावाशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

मिनेनं सुरी ठेवली.

"भावोजी, राशीचं काय करतात?"

"उद्या दुपारी नदीत लोटणार. मला एखादं मागता येतं, वहिनी, ते माझं कामच आहे. पण चिठ्ठीवर नाव लागतं आणि माणसाचं कोणीतरी समोर यावं लागतं. बिननावाचं देत नाहीत. मागे एकानं बिननावाची चार डोकी मागून नेली आणि दुसऱ्या छावणीत बक्षिसाला दाखवली."

"मग सोडून द्यावं," तेरू हळूच म्हणाली. "धड आहे ना घरी? मंत्र म्हणून त्यालाच अग्नी देऊ. सासूबाई, शेवटी आत्मा काही डोक्यात नसतो."

"तीस वर्षं मी त्या डोक्याशी बोलले, पोरी," मिने म्हणाली. "त्यातलं एक ऐकलं नाही त्यानं, पण बोलले मी त्याच्याशीच. धडाशी माझी विशेष ओळख नाही. आणि माणूस आयुष्यभर अर्धा अर्धा जगला. जाताना तरी पुरता जाऊ दे. मला ते डोकं हवं आहे."

हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं. आपली आई बापाचा तिरस्कार करते, असं मोरितानेला लहानपणापासून ठाऊक होतं. घरात ती एकच गोष्ट पक्की होती.

"नाव दिलं तर कागेनागा जातो," ती पुढे म्हणाली. "नाव नाही दिलं तर हे जातात. मोरितानेचा कागद गेला तर आपण सगळेच जातो, आणि कुरितानी मिळतं. तिथे राहायला कोण, ते तेरू सांगेल." मग ती उंबऱ्याकडे वळली. "मागोरोकु, तुझं वय काय?"

"धन्यांपेक्षा दोन वर्षांनी मोठा, बाईसाहेब."

"बायको?"

"ती मोठ्या पुराच्या वर्षी वारली."

"छावणीत कोणाला माहीत आहे, ती वारली ते?"

मागोरोकुनं विचार केला. "छावणीत कोणाला माहीत आहे, मी होतो ते?"

"झालं तर," मिने म्हणाली. "नदीवर मागोरोकु मेला. ओगासेंचा घोडेवाला. त्याचं डोकं घ्यायला त्याची बायको जाईल. आणि धनी घरीच आहेत. त्यांना या संसाराचा वीट आला, त्यांनी डोकं भादरून घेतलं आणि जमीन मुलांच्या नावे करून ते पडद्यामागे जप करत बसले आहेत. आमच्या घरात असा वीट दर पिढीला येतो, कोणी शंका घेणार नाही."

"बाबांना घोडेवाला करणार?" मोरिताने उठलाच. "ओगासेंच्या धन्याला? दोन दरबारांच्या पदव्या होत्या त्यांना."

"कसल्या पदव्या? अश्वशाळेच्याच ना? मग मी काय खोटं सांगतेय? दोन सम्राटांनी त्याला घोड्यांकडेच नेमलं होतं. मी फक्त त्याला कामावर पाठवते आहे."

"आणि त्यांचा पराक्रम?"

"तुला बाप नकोय, मोरिताने, तुला कागद हवाय. तो जपून ठेव. उद्या दक्षिण जिंकली, तर धनी त्या दिवशी नदीवर मेले असं सांगू आणि सात काय, नऊ जण लोळवू. उत्तर जिंकली तर ते म्हातारपणानं अंथरुणावर जातील. माणूस एकदाच मरतो खरा, पण कधी मेला हे घरच्यांनी ठरवायचं असतं."

मोरितानेनं आधारासाठी बायकोकडे पाहिलं. तेरूनं त्याच्या हातातून कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या पट्ट्यात खोचला. "सासूबाईंचं बरोबर आहे," ती म्हणाली. "घाईनं दिलेल्या अर्जाला किंमत येत नाही. माझे बाबाही हेच म्हणतात." तिच्या डोक्यात कुरितानी होतंच. आता त्याच्या शेजारी ओगासेही आलं होतं, एवढंच.

"काका, तुम्ही तरी बोला."

"मी काय बोलू? नाम दहा वेळा घ्यायचं, मग धन्याच्या नावे असो की घोडेवाल्याच्या," रेनआमी म्हणाला. "अमिदा चिठ्ठी वाचत नाही, असं आमचे गुरू सांगायचे. कारकून वाचतो."

मोरिताने खाली बसला. भाऊ मध्ये काका धरून दोन हातांवर होता, आणि त्या क्षणी या घरात आपल्याइतकंच ओशाळलेलं तेवढंच एक माणूस आहे, हे त्याला जाणवलं. त्यानं मुळ्याची थाळी उचलून काकांच्या पुढून पलीकडे सरकवली. कागेनागानं एक चकती घेतली. दोघांपैकी कोणी मान वर केली नाही.

"बाईसाहेब," मागोरोकु म्हणाला, "मी मेलो, ते ठीक. पण मग इथे कोण बसलंय?"

"धनी. तू पडद्यामागे बसायचंस आणि खोकायचंस. उत्तरेचा माणूस आला की जास्त खोकायचं."

"धन्यांचं खोकणं येतं मला. चाळीस वर्षं ऐकलंय." त्यानं खोकून दाखवलं, आणि कागेनागानं चमकून मागे पाहिलं. "पण घोड्याला कोण बघणार? तो दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नाही."

या प्रश्नाचं उत्तर ओगासे घराण्यात कोणाकडेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी छावणीत कागेनागाला राशीजवळ उभं राहायचा हुकूम होता. खोरं त्याचं, माणसं त्याच्या ओळखीची, कोणी खोटं मागत आलं तर त्यानं सांगावं म्हणून. कारकून बोटांवर फुंकर मारत चिठ्ठ्या लिहीत होता. रेनआमी आला तेव्हा त्याच्यामागे तागाच्या जाड कपड्यांत एक म्हातारी होती. पाय उघडे, डोक्यावरून तोंडापर्यंत फडकं ओढलेलं. कागेनागानं आपल्या आईची पावलं याआधी कधी पाहिली नव्हती. ती फार लहान होती, आणि चिखलात लाल झाली होती.

"कोणाचं?" कारकुनानं विचारलं.

"मागोरोकुचं, मालक. ओगासेंचा घोडेवाला. ही त्याची बायको," रेनआमी म्हणाला.

म्हातारीनं आधी कारकुनाला, मग कागेनागाला वाकून नमस्कार केला. "धाकटे मालक," ती म्हणाली. तिचा आवाज पार वेगळा होता, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराचा. कागेनागानं मान हलवली, नोकराच्या बायकोसाठी हलवतात तेवढीच.

"हा ओगासेंकडे होता, तर तुम्ही ओळखला कसा नाहीत?" कारकुनानं त्याला विचारलं.

"घोडेवाल्याच्या तोंडाकडे कोण बघतं?"

कारकुनाला हे पटलं. त्यानंही कधी बघितलं नव्हतं. "शोध, बाई."

ती राशीच्या कडेनं चालत गेली. डावा डोळा अर्धा उघडा असलेल्यापाशी थांबली, खाली बसली. कारकुनानं वाकून पाहिलं आणि भुवया वर केल्या. "घोडेवाल्याचे दात काळे? हे मोठ्या घरचं लक्षण आहे."

"तुमच्या बायांनीच केले असतील, मालक," म्हातारी म्हणाली. "मेलेल्याचा भाव वाढतो म्हणे त्यानं. आमच्याकडे तो कोळशानंसुद्धा दात घासत नसे."

कारकून खाकरला. छावणीत हमालांचीही डोकी रात्रीतून सरदारांची होत असत, आणि त्यासाठी लागणारी शाई त्याच्याच तंबूतून जात होती. त्यानं पुढे काही विचारलं नाही. "नाव मागोरोकु. गाव ओगासे. कोणाच्या बाजूचा?"

"काय, मालक?"

"उत्तरेचा की दक्षिणेचा? चिठ्ठीवर लिहावं लागतं."

याचा विचार घरी कोणीच केला नव्हता. बापाचं सगळं आयुष्य ज्या एका प्रश्नात गेलं, तो नेमका राहून गेला होता.

म्हातारीनं डोकं उचलून मांडीवर घेतलं होतं. अंगठ्याला थुंकी लावून ती त्याच्या कपाळावरचा चिखल पुसत होती. मग तिनं बोटांनी भांग मोडला आणि डावीकडे पाडला.

"याला कसली बाजू?" ती म्हणाली. "घोडा जाईल तिकडे हा. तिकडे मिळेल ते खायचं, आणि परत येऊन मला सांगायचं की या वेळी अगदी नक्की जिंकतोय."

कारकून हसला. बाजूची जागा त्यानं मोकळीच सोडली आणि चिठ्ठी रेनआमीच्या हातात दिली.

आणि मग म्हातारी रडू लागली. धन्याच्या बायकोला बाहीआड दोन अश्रूंची मुभा असते, तीही पाहुणे असताना. घोडेवाल्याच्या बायकोला असला काही नियम नाही. ती चिखलात बसून, डोकं छातीशी धरून, तोंड उघडं टाकून रडली. आधी ती त्याला शिव्या देत होती, मग शिव्या संपल्या आणि नुसता आवाज उरला. पहाऱ्यावरचे शिपाई वळून बघू लागले. रेनआमीनं नाम घ्यायला सुरुवात केली आणि चौथ्यालाच तो चुकला. तिसऱ्या तंबूतून सेनापतीचा माणूस डोकावला: काय गडबड आहे?

"काही नाही," कागेनागा म्हणाला. "घोडेवाल्याची बायको आहे."

सेनापतीचा माणूस तिथेच थांबून बघत राहिला. कागेनागाला चार पावलांवर उभं राहून, कोणा परक्या नोकराणीच्या रडण्याचा कंटाळा आलेल्या माणसाचा चेहरा करायचा होता: जरासा त्रासिक, जरासा थंडीनं गारठलेला, जेवणाची वेळ टळत चाललेली. पहिल्याच प्रयत्नात त्याला तो जमला. शेवटी रक्त बापाचंच होतं.